संवादातली अवतरणचिन्हे मुलांना कशी शिकवावीत

अवतरणचिन्ह आधी कानाने शिकवावे. फळ्यावर चिन्हांशिवाय एक वाक्य लिहा: ताई म्हणाली दार लाव. ते दोन मुलांना वाचायला द्या. एकाने फक्त ताईच्या तोंडचे शब्द म्हणायचे, बाकीचे दुसऱ्याने. पहिल्याने तोंड उघडले आणि मिटले, नेमके तिथे रंगीत खडूने दुहेरी अवतरणचिन्ह काढा. मग उरलेली चिन्हे: ताई म्हणाली, “दार लाव.”

आठवडाभर ‘म्हणाली’ सुरुवातीलाच राहू द्या. मग ते शेवटी न्या: “पाऊस थांबला,” ताई म्हणाली. सर्वांत जास्त चुका इथे होतात. ताईचे बोलणे संपले म्हणून मुले ‘थांबला’पुढे पूर्णविराम देतात. पण वाक्य अजून चालू आहे, म्हणून तिथे स्वल्पविराम, तोही अवतरणचिन्हाच्या आत. प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह पुरते, जोडीला स्वल्पविराम नको: “कुठे निघालीस?” ताईने विचारले. प्रश्न ताईचा, म्हणून त्याचे चिन्ह आत; लिहिणारा काही विचारत नाही, म्हणून शेवटी पूर्णविराम.

मधेच तुटणारे बोलणे सगळ्यात शेवटी घ्या: “मला वाटतं,” ताई म्हणाली, “आता निघावं.” इथे अवतरणचिन्हांच्या दोन जोड्या लागतात. ‘वाटतं’, ‘निघावं’ यांवरचे अनुस्वार चूक म्हणून खोडू नका. बोलीतले रूप लिहिताना ते शुद्धच आहेत, आणि संवाद जिवंत होतो तो त्यांच्यामुळेच.

मराठीत खरा घोळ ‘की’ घालतो. ‘राजू म्हणाला, की मी उद्या येईन.’ यातला ‘मी’ राजूच असू शकतो, तरी त्याच्या बोलण्याला अवतरणचिन्हे नाहीत. त्यामुळे ‘मी दिसला की चिन्ह घाल’ ही खूण फसते. मुलांना इतकेच सांगा: ‘की’ ठेवला तर चिन्हे नकोत, चिन्हे हवीत तर ‘की’ काढ. छापील मजकुरात दोन्ही एकत्र दिसतात, पण शिकताना एकच वाट बरी.

बोलणारा बदलला की नवा परिच्छेद. हा नियम मुले लवकर उचलतात.

मिटणारे चिन्ह मात्र हमखास राहते. वही तपासताना उघडणाऱ्या चिन्हावर डावे बोट आणि मिटणाऱ्यावर उजवे बोट ठेवायला सांगा. उजव्या बोटाला जागा सापडली नाही, तर काय राहिले ते मूल स्वतःच ओळखते. तोवर लाल पेन उघडू नका.