टायटॅनियम ग्रेड 5 : क्रीपसाठी सूक्ष्मरचना कशी बेतावी

ओझरच्या विमान कारखान्यामुळे नाशिकला टायटॅनियम अनोळखी नाही. तरीही ग्रेड 5 चा, म्हणजे 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियमचा बार आला की टेस्ट सर्टिफिकेटवरची टेन्साइल, म्हणजे ओढ सोसण्याची ताकद, बघून काम सुरू होतं. जॉबला तापल्या जागी भार सोसायचा असेल, तर तेवढं पुरत नाही. एकाच हीटचा, म्हणजे एकाच वेळी वितळवलेला, माल भट्टीतून कसा निघाला, त्यावर त्याचा क्रीप, म्हणजे तापलेलं असताना भाराखाली हळूहळू ताणत जाणं, ठरतो.

आधी त्या हीटचा बीटा ट्रान्सस काढा, म्हणजे ज्या तापमानाच्या वर अल्फा ही स्फटिकरचना संपून फक्त बीटा उरते ते तापमान. पुस्तकी आकडा 995 अंश सेल्सिअसच्या आसपास. ऑक्सिजन जास्त असेल तर तो वर सरकतो. 10 मिमीचे तुकडे 970 ते 1020 पर्यंत दर 10 अंशांना एकेक, अर्धा तास ठेवा आणि काढल्या काढल्या पाण्यात टाका. अल्फाचे गोल पांढरे कण ज्या तुकड्यात दिसेनासे झाले, तिथे ट्रान्सस. थर्मोकपल तुकड्याला टेकलेलाच हवा. भट्टीच्या डिस्प्लेत 10-15 अंश सहज लपतात, आणि इथे सगळा खेळ तेवढ्याचाच आहे.

क्रीप महत्त्वाचा असेल तर ट्रान्ससच्या 20-30 अंश वर, थोडाच वेळ ठेवून हवेत गार करा. अल्फाच्या बारीक पट्ट्या मिळतात. गोल कणांच्या रचनेत कणांच्या सीमा फार. तापल्यावर त्या घसरतात, म्हणून ती लवकर ताणते. मात्र भट्टीतच सावकाश गार केलं, तर पट्ट्या जाड होतात आणि एका दिशेच्या पट्ट्यांचे मोठे गट तयार होतात. घसरण गटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे अडत नाही, यील्ड, म्हणजे धातू कायमचा वाकू लागतो तो ताण, उतरतो. पट्ट्यांची किंमत तन्यतेत, म्हणजे तुटण्याआधी ताणलं जाण्यात, आणि फटीग क्रॅक (पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने पडणारा तडा) लवकर सुरू होण्यात मोजावी लागते. दोन्ही हवं असेल तर 950 च्या आसपास, मिश्र रचनेवर समाधान माना. जाड बारचा गाभा उशिरा गार होतो. नमुना गाभ्यातूनही घ्या.

रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला नमुन्यावर 320 ते 1200 पॉलिश पेपर, मग कोलॉयडल सिलिकाने (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेल्या द्रवाने) पॉलिश. एचिंगला, म्हणजे रचना उठून दिसावी म्हणून ॲसिड लावायला, 100 मिली पाण्यात 2 मिली हायड्रोफ्लुओरिक आणि 5 मिली नायट्रिक ॲसिड, 10-15 सेकंद. प्लास्टिकचंच भांडं घ्या, काचेचं चालत नाही. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड अंगावर पडलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर बाटली उघडूच नका.

कडेला पांढरा, कण न दिसणारा पट्टा दिसला तर तो अल्फा केस, हवेतल्या ऑक्सिजनने कडक झालेला थर. तो पूर्ण मशीन करून काढल्याशिवाय क्रीप टेस्टला नमुना देऊ नका. त्या ठिसूळ थरातच आधी तडा जातो.