मराठी सूचनांवर कोड लिहिणारं मॉडेल कसं तपासायचं

एआय मॉडेलचा कोड वाचून गुण देऊ नका, चालवून द्या. २०२१ मध्ये ओपनएआयने काढलेला ह्यूमनइव्हॅल हा १६४ पायथन प्रश्नांचा संच याच पायावर उभा आहे: फंक्शनचं नाव आणि वर्णन द्यायचं, आतला कोड मॉडेलने लिहायचा, सगळ्या चाचण्या पास झाल्या तरच बरोबर.

मराठीसाठी त्याचं भाषांतर करत बसू नका. ते प्रश्न मॉडेलने प्रशिक्षणातच पाहिलेले असण्याची शक्यता मोठी. स्वतःचे ३०-४० प्रश्न लिहा. प्रत्येकाला फंक्शनचं नेमकं नाव, इनपुट-आउटपुटचे प्रकार, एक-दोन उदाहरणं, नमुना उत्तर आणि आठ-दहा चाचण्या. रिकामी स्ट्रिंग आणि शेवटी राहिलेली स्पेस हवीच.

खरी फजिती देवनागरीत होते, आणि बरेचदा मॉडेलची नव्हे, प्रश्न काढणाऱ्याची. ‘शब्दातली अक्षरं मोजा’ असं लिहिलं की संपलं. ‘मराठी’ आपल्याला तीन अक्षरी, पण पायथनचं लांबी मोजणारं फंक्शन लेन ५ सांगतं, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. एकट्या ‘क्ष’चे ३ होतात. काय मोजायचं ते प्रश्नातच सांगा. पायथनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधण्याची सोय) ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ने, म्हणजे शब्दातल्या अक्षराच्या खुणेने, शब्द वेगळे केले तर ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे पडतात. मॉडेलं इथे हमखास घसरतात, म्हणून असा एक प्रश्न ठेवाच. ‘दुसऱ्या’ कुणी टिंबाच्या ऱने टाइप करतं, कुणी साध्या रला हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) लावून. दिसायला सारखं, तुलनेत वेगळं. एकच मजकूर एकाच रूपात आणणाऱ्या युनिकोडच्या एनएफसीनेही ते एक होत नाही. आकड्यांचं सोपं आहे: मजकुराचा आकडा करणाऱ्या पायथनच्या इंटला ‘१२’ देवनागरीत दिलं तरी चालतं. उत्तर कोणत्या आकड्यांत हवं, तेवढं लिहा.

कोड डॉकरमध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळ्या बंदिस्त जागेत चालवा, नेटवर्क बंद, मेमरीला मर्यादा, प्रत्येक उत्तराला ३ सेकंद. त्याआधी मॉडेलने कोडभोवती टाकलेली बॅकटिक चिन्हं (`) आणि मराठी स्पष्टीकरण काढून टाका. सगळ्या प्रश्नांना शून्य आलं, तर आधी इथेच बघा.

आता पास-अ‍ॅट-के, म्हणजे के प्रयत्नांत निदान एक बरोबर येण्याची शक्यता. प्रत्येक प्रश्नाची १० उत्तरं घ्या. समजा ३ पास झाली, तर एका प्रयत्नाचा गुण ०.३. पाचसाठी: चुकीच्या ७ मधून ५ निवडायचे प्रकार २१, एकूण १० मधून २५२, १ वजा २१/२५२, म्हणजे ०.९१७. ०.७ चा पाचवा घात १ मधून वजा करण्याचा शॉर्टकट ०.८३२ देतो, म्हणजे मॉडेलवर अन्याय. शेवटी सगळ्या प्रश्नांची सरासरी. के १ असेल तर टेंपरेचर (उत्तरांत किती वैविध्य यावं ते ठरवणारा आकडा) ०.२ च्या आसपास. के मोठा असेल तर ०.८ पर्यंत न्या, नाहीतर दहाही उत्तरं जवळपास एकसारखी येतात.

फेल झालेल्यांतली वीसेक उत्तरं हाताने वाचा: सिंटॅक्स, टाइमआउट, चुकीचं उत्तर असे गठ्ठे करा. एखाद्या प्रश्नावर सगळीच मॉडेलं पडली, तर आधी आपली चाचणी तपासा.