मनोरुग्णालयात नोकरीला लागताय? आधी अकाउंट्सच्या टेबलाशी ओळख करून घ्या

दर भरतीला कुणीतरी मला 'समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती)', म्हणजे मनोरुग्णालयातल्या सोशल वर्करच्या पोस्टच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवतं आणि खाली ठरलेला प्रश्न, ताई नेमकं काम काय असतं? मग फोनवर मी बोलायला लागते आणि समोरच्या मुलीला वाटत असतं ही आता काउन्सेलिंगचं सांगेल, पेशंट अंगावर आला तर काय करायचं ते सांगेल, आणि मी सांगत असते डाएटचं बिल आणि टीएचं, म्हणजे प्रवासभत्त्याचं, बिल. दोनतीन जणींनी तर फोन कट झाला असं सांगून ठेवून पण दिला. म्हणून एकदाच लिहून टाकते, लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी एमएसडब्ल्यू केलं, म्हणजे सोशल वर्कमधलं पीजी, मेडिकल अँड सायकियाट्रिक घेऊन, आणि राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकात लागले. कुठल्या ते सांगत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. चार म्हणजे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मंजूर खाटा वर्षानुवर्षं कागदावर चालत आल्या त्या अनुक्रमे २५४०, १८५०, ९४० आणि ३६५, म्हणजे ५६९५. हे आकडे पाठ करा असं नाही, पण मंजूर खाटा आणि रात्री बाराला खरंच वॉर्डात असलेली माणसं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पहिल्या आठवड्यात डोक्यात बसवा, कारण पैसा पहिल्यावर मागितला जातो आणि जेवण दुसऱ्यावर शिजतं.

शिक्षणाचं पटकन सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्करची व्याख्या आहे, तिच्यात सोशल वर्कमधलं पीजी आणि वर सायकियाट्रिक सोशल वर्कमधलं एमफिल लागतं. भरतीच्या जाहिरातीतली अट वेगळी असू शकते, ती दर वेळी स्वतः वाचा. आणि एमफिलच्या मागे लागण्याआधी यूजीसीचं काय चाललंय ते बघा, एमफिल बंद केलं, मग क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कला २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत मुदत दिली, तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या सीनियरच्या सल्ल्यावर फॉर्म भरू नका.

आता मुद्द्याचं. जॉइन झाल्यावर चौथ्या का पाचव्या दिवशी मी पगाराच्या कागदांसाठी अकाउंट्सला गेले. तिथे एक भाऊसाहेब होते, रिटायरमेंटला आलेले, चष्मा कपाळावर. म्हणाले, "मॅडम, तुमचा एक पेशंट सरकारला महिन्याला केवढ्याला पडतो, सांगा बघू." मला 'पडतो' ह्या शब्दाचाच राग आला. माणसाला काय टोमॅटोसारखं पडतो म्हणायचं? मी काहीतरी तोडून बोलले आणि निघून आले. सहा महिन्यांनी त्याच भाऊसाहेबांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसायची वेळ आली, ते पुढे सांगते.

सरकारी खर्च लेखाशीर्षांत, म्हणजे नंबर दिलेल्या ठरावीक खात्यांत, चालतो. आरोग्याचं मोठं शीर्ष २२१०, आणि त्याच्या पोटात 'उद्दिष्टं' म्हणजे खर्चाचे प्रकार: वेतन, कंत्राटी सेवा, प्रवास खर्च, कार्यालयीन खर्च, सामग्री व पुरवठा वगैरे. बाहेरच्याला वाटतं मनोरुग्णालयात सगळा पैसा गोळ्यांवर जात असेल. अजिबात नाही. रिस्पेरिडोन, ओलॅन्झापिन, हॅलोपेरिडॉल, पॅसिटेन ही सगळी जुनी जेनेरिक औषधं, घाऊक खरेदीत फार स्वस्त पडतात (बघा, मीच म्हणाले 'पडतात'). खरा पैसा जातो पगारात, कारण वॉर्ड तीन पाळ्यांत आणि ३६५ दिवस चालतो, दिवाळीच्या पहाटे पण तिथे सिस्टर लागते, कक्षसेवक लागतो, स्वयंपाकी लागतो. त्याच्या खालोखाल जेवण, धुलाई, वीज, पाणी, सफाईचं कंत्राट.

आणि कुणी 'माणशी खर्च' असा आकडा तोंडावर फेकला तर आधी विचारा त्यात काय काय धरलंय. इमारतीची डागडुजी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या २०५९ ह्या शीर्षातून, निवृत्तांची पेन्शन २०७१ ह्या शीर्षातून, हे हॉस्पिटलच्या वहीत दिसतच नाही. जमिनीचं भाडं तर कुणीच धरत नाही, ही हॉस्पिटलं ब्रिटिशांच्या काळात गावाबाहेर एकराएकरानं जागा घेऊन बांधलेली, आता शहर त्यांच्या भिंतीला येऊन टेकलंय. उलट बाजूनं काही खर्च वॉर्डाच्या माथी येतो आणि कुठेच लिहिला जात नाही. उदाहरणार्थ पेशंट पडला, खुब्याचं हाड मोडलं, सिव्हिलला ॲडमिट केला. आता त्याच्यासोबत चोवीस तास आपलं माणूस हवं, म्हणजे तीन पाळ्यांत तीन कक्षसेवक गेले आणि इकडे साठ माणसांच्या वॉर्डात रात्री एकच उरला. असे दोन पेशंट एकाच वेळी सिव्हिलला गेले की सिस्टरचा चेहरा बघा. क्लोझापिन ही स्किझोफ्रेनियाची गोळी स्वस्त, पण तिनं पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं, ते रक्त काढणारा, नेणारा, रिपोर्ट फाइलला लावणारा हे सगळे त्या गोळीच्या किमतीतच आले की नाही?

आता हिशोब. समजा एका माणसाचा रोजचा खर्च १,५०० रुपये धरला (हा आकडा समजावायला घेतलाय, कुठल्या हॉस्पिटलचा नाही), तर वर्षाला ५ लाख ४७ हजार ५०० आणि दहा वर्षं राहिलेल्या माणसावर जवळपास ५५ लाख. मी नवीन असताना असा गुणाकार करून एका मीटिंगमध्ये मांडला होता की मॅडम सर बघा, बरे झालेले दहा जण घरी पाठवले तर वर्षाला अर्धा कोटी वाचेल. सगळे मान डोलावत होते, भाऊसाहेब सोडून. नंतर त्यांनी मला बाहेर गाठलं आणि म्हणाले, "ताई, दहा जण गेल्यावर सिस्टरचा पगार कमी होणार का? वीजबिल कमी येणार का? वाचेल ते ताट, साबण आणि गोळ्या." खरंच की. उलट भागाकारात खालचा आकडा घटला म्हणून माणशी खर्च वाढलेलाच दिसतो आणि वरून विचारणा येते की पेशंट कमी असून खर्च का जास्त. पैसा खरा सुटतो कधी, तर अख्खा वॉर्ड बंद झाला आणि तिथली माणसं दुसऱ्या कामाला लावली तर. इटलीत बसाग्लिया नावाच्या डॉक्टरच्या आग्रहानं हेच झालं, त्रिएस्ते शहरात १९७० च्या दशकात, १९७८ चा कायदा यायच्या आधीपासूनच, हॉस्पिटल बंद करत नेलं आणि तोच स्टाफ वस्तीतल्या केंद्रांत बसवला. आपल्याकडे हॉस्पिटलचं बजेट हॉस्पिटलला आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं बजेट वेगळ्या दोरीनं येतं, दोघांची गाठ पडत नाही.

२०१७ चा कायदा काय म्हणतो ते तोंडपाठ हवं. कलम १९, घर नाही किंवा घरचे घेत नाहीत एवढ्याच कारणावरून कुणाला आस्थापनेत, म्हणजे मनोरुग्णालयात वगैरे, ठेवून घेता येणार नाही. कलम १८, सरकारनं हाफवे होम, शेल्टर्ड ॲकोमोडेशन वगैरे, म्हणजे हॉस्पिटल आणि घर ह्यांच्या मधली राहायची सोय, उभी करायची, आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना किंवा बेघरांना उपचार फुकट. कलम ८९ खाली, म्हणजे स्वतःऐवजी प्रतिनिधीच्या अर्जावर, दाखल केलेला पेशंट ३० दिवस, पुढे कलम ९० खाली ९० दिवस, मग १२०, मग १८०, दर टप्प्याला पुनरावलोकन मंडळाकडे कागद. जुन्या फायली उघडाल तर वेगळंच जग दिसेल. १९८७ च्या कायद्यात पेशंटच्या निर्वाहाच्या खर्चाचं वेगळं प्रकरणच होतं, त्याची मालमत्ता असेल तर कोर्टाकडून त्यातून वसूल करायची सोय होती, त्यामुळे फायलीत तहसीलदाराला लिहिलेली पत्रं सापडतात, अमुक इसमाच्या नावे जमीन किती, उत्पन्न किती. पत्र हॉस्पिटलनं वसुलीसाठी लिहिलेलं, पण त्यात गावाचं नाव आणि गट नंबर असतो! मी दोन माणसांची घरं अशीच शोधली. त्यामुळे जुनी फाइल धूळ आहे म्हणून बाजूला टाकू नका.

बरं झालेल्यांना कुठे ठेवायचं ह्यावरून आपलं राज्य सुप्रीम कोर्टात बोलणी खाऊन आलंय. वकील गौरव कुमार बन्सल ह्यांच्या केसमध्ये जुलै २०१९ ला कोर्टानं सांगितलं की पेशंट भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं ताबडतोब थांबवा. हलवण्यामागे विचार सरळ होता, तिथलं ताट स्वस्त आणि आपल्या रजिस्टरला आकडा कमी. माझं मत विचाराल तर खर्च वाचवण्याचा हा सगळ्यात महाग प्रकार, कारण तिथे गोळी चुकते आणि चार महिन्यांनी तोच माणूस पोलिसांच्या गाडीतून परत, आणि ह्या वेळी जास्त बिघडलेला. त्यापेक्षा द बनियन ह्या चेन्नईच्या संस्थेचं 'होम अगेन' बघा, साध्या वस्तीत भाड्याचं घर, त्यात चारपाच जण, मदतीला एखादी बाई, स्वयंपाक आपापला.

आता ती खुर्ची ओढून बसायची वेळ. फीमेल वॉर्डात एक बाई होत्या, बरीच वर्षं झालेली, पोलिसांनी आणलेल्या, रजिस्टरला आधी 'अनोळखी स्त्री', मग कुणीतरी ऐकून लिहिलेलं एक मराठी नाव. शांत, कपडे घड्या घालायच्या, बोलायच्या फार कमी आणि जे बोलायच्या ते कुणाला कळायचं नाही, म्हणून फाइलीत वर्षानुवर्षं एकच वाक्य, 'असंबद्ध बोलते'. एक नवीन कक्षसेविका बदली होऊन आली, सोलापूरची, घरी तेलुगू बोलणारी, माहेर विणकरांचं. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे धावत आली, "मॅडम, त्या बाई नीट बोलतायत हो, आमच्या भाषेत बोलतायत, मला विचारलं चिंतपंडू आहे का म्हणजे चिंच आहे का, ह्या आमटीला आंबट नाही म्हणत्यात." मी तिथेच खाली बसले. असंबद्ध! इतकी वर्षं ती बाई आमटीची तक्रार करत होती.

गावाचं नाव मिळालं, तेलंगणातलं, तिथल्या पोलिसांशी फोनाफोनी, भाऊ सापडला, व्हिडिओ कॉल झाला, सगळं झालं. आणि अडलं कुठे तर तिकिटाला. माझा आणि कक्षसेविकेचा प्रवास टीए बिलात बसतो. बाईंचं तिकीट कुठल्या शीर्षातून? सामग्री व पुरवठा? ती काय सामग्री आहे? कार्यालयीन खर्च? भाऊसाहेबांनी चष्मा खाली घेतला, वही उघडली, आणि आम्ही दोघं तासभर बसलो. तिला ठेवून घ्यायला दर महिन्याला आपोआप पैसे येत होते, कुणी कधी विचारलं नाही, आणि घरी सोडायच्या एका स्लीपरच्या तिकिटाला जागा नव्हती. शेवटी मी खिशातून काढलं, आणि भाऊसाहेबांनीच सांगितलं की रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत विषय ठेवा, ठरावाचा मसुदा पण त्यांनीच करून दिला, 'बरे झालेल्या निराधार रुग्णांच्या स्वगृही परतीचा प्रवास, सोबत तीन महिन्यांची औषधे'. ठराव झाला. माझे पैसे काही मिळाले नाहीत, मागच्या तारखेचं बिल घेता येत नाही म्हणे.

तर लागलात की पहिल्या महिन्यात परतीच्या प्रवासखर्चाची अशी एक ओळ आपल्याकडे आहे का ते विचारा, नसेल तर मार्चएण्डच्या गर्दीत नको, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुढच्या वर्षाचे अंदाज बनतात तेव्हा कागद द्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज डिस्चार्जच्या आधीच लावायला घ्या, घरी गेल्यावर कुणी तालुक्याला चकरा मारत नाही, आणि हातात दरमहा थोडे पैसे असलेला माणूस घरच्यांना जरा कमी जड वाटतो, कटू आहे पण मी बघितलंय. ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, विभागात पेशंट फायली, पाकिटं, मेणबत्त्या बनवत असतील तर त्यांना मोबदला मिळतो का आणि तो त्यांच्या नावे जमा होतो का हेही विचारा, कायद्यात आहे ते, पण विचारताना आवाज जरा मऊ ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात ऑफिसात नाव होतं.

बाईंना सोडून आम्ही परत आलो त्या रात्री बाराच्या सेन्ससला, म्हणजे मोजणीला, वॉर्डाचा आकडा एकनं कमी होता. सकाळी साडेदहाला पोलिसांची गाडी आली, 'अनोळखी स्त्री, वय अंदाजे ३५'. मी नवीन फाइल काढली. छापील फॉर्मवर भाषेचा रकाना नव्हता, तो पट्टीनं आखला आणि सोलापूरच्या बाईंना हाक मारली, त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाल्या, "ही आमची नाही मॅडम, बंगाली वाटतेय."