छोट्या वस्तीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) नीट चालतोय का, कसं बघायचं

सांडपाणी तसंच ओढ्यात सोडलं की त्यातली घाण खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात, म्हणून हे खाणं एसटीपीच्या टाकीतच उरकून घ्यायचं. आधी एअरेशन टँक, म्हणजे जिवाणूंसाठी पाण्यात हवा सोडतात ती टाकी, बघा. पाणी चॉकलेटी आणि वास ओल्या मातीसारखा असेल तर ठीक, काळपट दिसतंय, सडक्या अंड्यासारखा वास येतोय म्हणजे हवा कमी पडतेय, ब्लोअर (हवा सोडणारं यंत्र) तपासा, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास हवा. वीजबिल वाचवायला रात्रभर ब्लोअर बंद ठेवणारे महाभाग असतात, तसं अजिबात करू नका.

मग त्याच टाकीतलं पाणी 1 लिटरच्या मोजपात्रात घेऊन 30 मिनिटं न हलवता ठेवा. गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसलं पाहिजे, बसतच नसेल तर तो पुढच्या, गाळ बसवायच्या टाकीतून सरळ ओढ्यात जाणार हे धरून चाला. जास्तीचा गाळ वेळच्या वेळी काढा (हेच काम सगळ्यात जास्त टाळलं जातं).

शेवटी जंतू मारायला क्लोरीन टाकतात, ते बेतानेच टाका, पाण्यात उरलेलं क्लोरीनही माशांना मारतं. आणि घराघरात सांगून ठेवा, सिंकमध्ये तेल अन् संडासात वाइप्स टाकू नका, पंप त्यानेच चोक होतो.