आउटबोर्ड मोटर दम टाकते तेव्हा: नवशिक्या मेकॅनिकसाठी

बडोद्याला समुद्र नाही, तरी आउटबोर्ड मोटरचं, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाचं, काम शिकायला हे गाव चांगलं आहे. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं आणि शहरातल्या सोसायट्यांमधून लोकांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं. एरवी हीच इंजिनं महिनोन्‌महिने शेडमध्ये पडून असतात. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक इंजिनांचं दुखणं एकच: पेट्रोल पोहोचत नाही. मगरी असलेल्या नदीत, माणसं भरलेल्या होडीचं इंजिन बंद पडणं काय असतं, हे डोळ्यांसमोर ठेवूनच हे काम शिका.

आयटीआयमधून आलेली मुलं पहिल्यांदा कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, हात घालतात. मला शिकवणारे काका तेव्हा हातातला पाना काढून घ्यायचे. "टाकीपासून चालत ये," म्हणायचे. मीही आता तेच सांगतो. किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी जागेवर आहे ना, एवढं बघा आणि सरळ टाकीकडे जा.

टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. तो बंद राहिला तर इंजिन झटक्यात चालू होतं, काही मिनिटं छान पळतं आणि मग मरतं, कारण टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल वर ओढलं जात नाही. पाच पैशांचा खर्च नसलेला हा दोष मी फार वेळा पाहिला आहे.

त्यानंतर पाइपातला रबरी फुगा, म्हणजे प्रायमर बल्ब. माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. दाबताना फुगा उभा धरा, बाण वर. काही दाबांत तो कडक व्हायला हवा. कडक होतच नसेल तर कुठून तरी हवा आत येते आहे, आतली झडप गेली आहे किंवा कार्बोरेटरची नीडल (पेट्रोल आत यायची वाट बंद करणारी सुई) अडकून पेट्रोल वाहून जातं आहे. ओघळ दिसला, वास आला तर तिथेच थांबा, ठिणगीपासून दूर राहा. उलट चालत्या इंजिनावर फुगा आत चिकटून चपटा झाला, तर अडथळा फुग्याच्या आधी, टाकीच्या बाजूला आहे: तोच हवेचा स्क्रू किंवा टाकीतली गाळणी. आणि इंजिन मरू लागलं असताना फुगा दाबत राहिल्यावर परत जीव धरत असेल, तर पंपावर संशय घ्या. टू-स्ट्रोकमध्ये हा पंप बहुधा क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या) दाबाच्या चढउतारावर चालतो. त्याच्या डायफ्रामला, म्हणजे आतल्या पातळ लवचिक पडद्याला, टाचणीएवढं भोक पडलं तरी तो थकतो. मात्र डायफ्राम बदलण्याआधी पाइपाच्या कनेक्टरची ओ-रिंग (रबरी कडी) तपासा. पाइपात पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की हवेचे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

फिल्टरचा पेला पारदर्शक असेल तर तळाशी पाण्याचा थर शोधा. पाणी जड, पेट्रोल वर तरंगतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा शोषतं आणि जुन्या रबरी पाइपांच्या आतल्या थराचीही वाट लावतं.

इथवर सगळं ठीक निघालं, तरच कार्बोरेटर. फक्त चोक ओढून चालणारं, सोडला की बंद पडणारं इंजिन बहुधा लो-स्पीड जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) चिकटल्याचं सांगतं. जेट तारेने खरवडू नका. क्लीनर आणि हवा वापरा.

चाचणी घेताना इंजिन कोरडं चालवू नका, पाण्याच्या पिंपात खालचा भाग बुडवून ठेवा. आणि ज्या टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातच मिसळलेलं असतं, तिथे इंधन कमी पडलं की वंगणही कमी पडतं. धक्के देत, जबरदस्तीने चालवलेल्या अशा इंजिनाचा पिस्टन जाम होतो. ५०:१ प्रमाण सांगितलं असेल तर लिटरला २० मिली तेल, मोजून.

हंगाम संपला की काही जण इंजिन चालवून पेट्रोल संपवतात. मी कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू ढिला करून ती रिकामी करतो, कारण शेवटच्या थेंबांवर चालताना तेलही तुटतं. पाइप काढून ठेवा, टाकी रिकामी करा, आणि मेअखेरीस इंजिन एकदा पिंपात चालवून बघा.