घरची सतार: नवतपा, कूलर आणि पावसाळा

आजोबा-पणजोबांपासून घरात चालत आलेली सतार विदर्भात वाजवण्यानं कमी आणि हवेनं जास्त खराब होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडीठाक पडते. जूनअखेर त्याच लाकडाला ओल लागते. तुणाचं लाकूड आणि भोपळा सारखे आकसत-फुगत नाहीत. म्हणून सांधे उघडतात, आणि सगळ्यात आधी उघडतो तो गुलूचा, म्हणजे दांडी भोपळ्याला मिळते तिथला.

उन्हापेक्षा कूलर जास्त नडतो. दिवसभर सुकलेल्या वाद्यावर रात्री ओला झोत आला की खुंट्या फुगून अडकतात. सकाळी कूलर बंद केला की त्याच ढिल्या होतात. कूलरच्या खोलीत सतार ठेवूच नका. टिनाखाली नको, माळ्यावर नको. मातीच्या भिंतींचं माजघर असेल तर त्याहून चांगली जागा नाही. तिथे लाकडी चौकीवर, खोळीत घालून ठेवा. आर्द्रता ४० ते ६० टक्के राहिली तर उत्तम. दुपारी ती फारच उतरत असेल तर त्याच खोलीत, वाद्यापासून लांब, पाण्याचं घमेलं भरून ठेवा.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, रियाज बंद राहणार असेल तर बाजाची (मुख्य) आणि तिच्या शेजारची जोडाची तार एखाद्या सुरानं उतरवा. सगळ्या तारा मात्र काढू नका. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तारांच्या दाबावर उभी असते; ताण गेला की सरकते, आणि मग दांडीवरचे पडदे बरोबर असूनही सूर चुकतो. तार बदलायची तीही एका वेळी एकच. त्याआधी घोडीच्या पायांलगत तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, पेन्सिलची बारीक खूण करा.

खुंटी सटकत असेल तर तार सैल करून ती बाहेर ओढा, मळ पुसा. भोकाला घासून चकाकलेल्या पट्ट्या दिसतील, त्यांवर पांढरा खडू चोळा आणि आत दाबत दाबत फिरवा. अडकत असेल तर तिथेच कोरडा साबण. तेल कधीच नको. लाकूड ते पितं आणि खुंटी सूर धरेनाशी होते.

बाजाची तार सहसा ३ नंबरची पोलादी, साधारण ०.३० मिलिमीटर. बाकीच्या तारा घरच्या वादनशैलीवर ठरतात. विलायत खाँच्या पद्धतीत गांधार-पंचम मिळवतात, रविशंकरांच्या पद्धतीत खर्जाच्या जाड तारा असतात. दुकानातला तयार संच तुमच्या सतारीला जुळेलच असं नाही. कोणती तार कुठे, कितव्या नंबरची, हे घरातल्या मोठ्यांना विचारून वहीत लिहून ठेवा. ते आहेत तोवरच हे काम करा, नंतर कुणी सांगणारं उरत नाही.

पावसाळ्यात रियाज झाला की तारा कोरड्या सुती फडक्यानं पुसा. बोटांचं तेल तारेवर राहिलं तर त्यावर धूळ बसते आणि ती ओल धरते. तरफांखाली, म्हणजे पडद्यांखालच्या बारीक तारांखाली, हात जात नाही, तिथे रंगाचा मऊ ब्रश वापरा. दांडीखाली पिठासारखा भुसा दिसला तर लाकडात कीड आहे. ही सतार लगेच इतर वाद्यांपासून वेगळी करा.

तारांनी घोडीच्या माथ्यावर खाचा पाडल्या की जवारी, म्हणजे त्या माथ्याची बारीक घडण, बिघडते, आवाज फुटतो. ती घासणं कारागिराचंच काम. मेळघाट-ताडोबाकडे सांबराचं गळालेलं शिंग सापडतं आणि त्याची घोडी करून घ्यावी असं कुणी सुचवतं. ते उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. हाडाची घोडी चांगली वाजते.

मोठ्या दुरुस्तीसाठी मिरज. तिथल्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, वर्धा, अकोला करत थेट मिरजेला जाते. तारा न काढता फक्त सैल करून, कडक पेटीत, भोपळ्याभोवती मऊ चादर गुंडाळून न्या. उन्हात ठेवू नका. लाखेचं पॉलिश मऊ पडून कापड चिकटतं. भोपळ्याला भेग असेल तर त्यात फेव्हिकॉल किंवा एम-सील भरू नका, कारण कारागिराला ते आधी खरवडून काढावं लागतं आणि त्यात भेग वाढते.