संकटानंतर परकीय चलनसाठा, प्रादेशिक मदत आणि परकीय गुंतवणूक कशी तपासायची: 1997 च्या आशियाई संकटापासूनची रीत

जून 1997 अखेर थायलंडच्या मध्यवर्ती बँकेकडे 30 अब्ज डॉलरहून अधिक परकीय चलन दिसत होते. 2 जुलैला तिने बाट या थाई चलनाचा दर बाजारावर मोकळा सोडला. ऑगस्टमध्ये बँकेने कबूल केले की 23.4 अब्ज डॉलर वायदा करारांपोटी (ठरल्या दराने पुढच्या तारखेला डॉलर देण्याच्या करारांपोटी) देणे आहे. साठ्याचा आकडा खोटा नव्हता, पण त्यातला मोठा भाग आधीच विकलेला होता. संकटातून गेलेल्या कुठल्याही देशाची, प्रादेशिक निधीची किंवा गुंतवणुकीच्या घोषणेची तपासणी याच प्रश्नाने सुरू करा: यातला पैसा आज हातात किती?

आधी साठा सोलून काढा

बातमीतला साप्ताहिक आकडा बाजूला ठेवा आणि मध्यवर्ती बँकेचा 'साठा आणि परकीय चलनाची तरलता' हा मासिक तक्ता काढा. आशियाई संकटाचा धडा घेऊन आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 1999 मध्ये तो आणला. तक्त्याचे भाग चार. बहुतेक लोक पहिला वाचून थांबतात. खरी गोष्ट दुसऱ्यात असते.

पहिल्या भागात ठेवींची ओळ शोधा. परदेशी बँकांतल्या ठेवी आणि 'आपल्याच देशात मुख्यालय असलेल्या बँकांतल्या' ठेवी तिथे वेगळ्या दाखवतात. त्यातही या बँकांच्या परदेशी शाखांचा आकडा स्वतंत्र येतो. ही कारकुनी बारीकी दक्षिण कोरियामुळे आली. कोरियाच्या मध्यवर्ती बँकेने डॉलर आपल्याच व्यापारी बँकांच्या परदेशी शाखांत ठेवले होते. शाखांनी ते आपली कर्जे भागवायला वापरले. डिसेंबर 1997 मध्ये परत मागायची वेळ आली तेव्हा ते परत देण्याची त्या शाखांची ऐपतच उरली नव्हती. ही ओळ मोठी असेल तर ती रक्कम साठ्यातून सरळ वजा करा.

दुसऱ्या भागात ठरलेली देणी येतात, तीन मुदतींत: एक महिन्यापर्यंत, एक ते तीन महिने, तीन महिने ते वर्ष. वायदा आणि स्वॅपमधली (म्हणजे चलन अदलाबदलीच्या करारांतली) विक्रीची बाजू इथेच असते. तीही वजा करा. तिसऱ्या भागातल्या हमी आणि संभाव्य देणी निदान शेजारी लिहून ठेवा.

जे उरले त्याला वर्षभरात फेडायच्या परकीय कर्जाने भागा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मूळ मुदत धरणे. दहा वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता चार महिन्यांवर असेल तर तो हप्ता अल्पमुदतीचाच. 'उर्वरित मुदत' असे लिहिलेला तक्ता घ्या. जागतिक बँकेच्या तिमाही परकीय कर्ज आकडेवारीत बऱ्याच देशांचा मिळतो. भागाकार 1 च्या खाली गेला की धोक्याची घंटा.

जून 1997 चे आकडे घालून बघा. परदेशी बँकांचे अल्पमुदतीचे कर्ज आणि साठा, अब्ज डॉलरमध्ये: दक्षिण कोरिया सुमारे 70 आणि 34, इंडोनेशिया 35 आणि 20, थायलंड 46 आणि 31, मलेशिया 16 आणि 27. पहिले तिघे नाणेनिधीच्या दारात गेले, मलेशिया गेला नाही. अर्थात एका गुणोत्तराने सगळे ठरत नाही. मलेशियाच्या रिंगिटचीही पडझड झाली आणि सप्टेंबर 1998 मध्ये भांडवलावर निर्बंध आलेच. पण पहिली चाळणी म्हणून हे गुणोत्तर पुरेसे बोलके आहे.

प्रादेशिक निधीतला खरा वाटा

सप्टेंबर 1997 मध्ये जपानने आशियाई नाणेनिधीची कल्पना मांडली. अमेरिका आणि नाणेनिधीच्या विरोधामुळे ती बारगळली. मे 2000 मध्ये आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) देश, चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी चियांग माई उपक्रमाखाली द्विपक्षीय चलन अदलाबदलीचे करार सुरू केले. 2010 मध्ये त्यांचा एक सामाईक करार झाला, 2014 पासून त्याचा आकार 240 अब्ज डॉलर आहे.

हा 240 चा आकडा कुठल्याही देशाच्या हिशेबात घेऊ नका. एकतर तो कुठल्या तिजोरीत ठेवलेला नाही. ती वचने आहेत. मागणी होईपर्यंत पैसा ज्याच्या त्याच्या साठ्यातच राहतो, म्हणून देशांचे साठे आणि हा निधी यांची बेरीज केली की तेच डॉलर दोनदा मोजले जातात. दुसरे, प्रत्येकाला उचलीची मर्यादा आहे. ती काढायची ती अशी: देशाचे योगदान गुणिले त्याचा गुणक. चीन आणि जपानला 0.5, कोरियाला 1, आसियानमधल्या पाच मोठ्या अर्थव्यवस्थांना 2.5, लहानांना 5. थायलंडचे योगदान 9.104 अब्ज, म्हणून मर्यादा 22.76 अब्ज.

आता तिसरी कात्री. नाणेनिधीचा कार्यक्रम चालू नसेल तर 2021 पासून या मर्यादेच्या फक्त 40 टक्के रक्कम मिळते. म्हणजे थायलंडला साधारण 9.1 अब्ज. जून 1997 च्या त्याच्या अल्पमुदतीच्या कर्जाशेजारी ठेवा: एक पंचमांश. त्या ऑगस्टमध्ये थायलंडसाठी जमवलेली मदत 17.2 अब्ज होती, त्यात नाणेनिधीचे 4 आणि जपानचे 4.

2008 मध्ये कोरियाला डॉलरची चणचण भासली तेव्हा नाणेनिधीच्या कार्यक्रमाची ही अट 80 टक्के रकमेला लागू होती. नाणेनिधीकडे पुन्हा जाणे कोरियन सरकारला राजकीयदृष्ट्या परवडणारे नव्हते. त्याने ऑक्टोबरमध्ये फेडरल रिझर्व्ह या अमेरिकी मध्यवर्ती बँकेशी 30 अब्ज डॉलरची अदलाबदल केली. चियांग माईच्या चौकटीतून उचल केलीच नाही.

अट वाचायची सवय किती महत्त्वाची, हे श्रीलंकेने 2022 मध्ये दाखवले. चीनशी झालेल्या 10 अब्ज युआनच्या अदलाबदलीची रक्कम अधिकृत साठ्यात धरली जात होती, सुमारे दीड अब्ज डॉलर. पण ती वापरायची तर तीन महिन्यांच्या आयातीइतका साठा हवा, अशी अट. एवढा साठा असता तर ती वापरायची गरजच कशाला पडली असती? सार्क व्यवस्थेखाली भारताने जानेवारीत दिलेले 40 कोटी डॉलर रकमेने लहान, पण वापरता आले.

गुंतवणुकीच्या घोषणा

मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष आलेली रक्कम यांत फरक असतो हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी बातम्या मंजुरीच्याच होतात. शोधनताळ, म्हणजे देशाच्या परदेशांशी झालेल्या देण्याघेण्याचा हिशेब, उघडा आणि थेट गुंतवणुकीचे तीन तुकडे वेगळे करा: नवे भागभांडवल, नफ्याची पुनर्गुंतवणूक, मूळ कंपनीने दिलेले कर्ज. तिसरा तुकडा नावाला थेट गुंतवणूक. संकटात तो बँकेच्या कर्जासारखाच झटक्यात परत जातो.

भागभांडवलातही नवा कारखाना आणि जुन्याची खरेदी वेगळी लिहा. 1998 मध्ये थायलंडची थेट परकीय गुंतवणूक घटण्याऐवजी वाढली. अडचणीतल्या बँकांमध्ये परदेशी मालकीची दारे उघडली होती आणि स्वस्त झालेल्या बाटमध्ये खरेदी चालू होती. सिंगापूरच्या डीबीएसने थाई दानू बँक त्याच वर्षी घेतली. असा पैसा बुडती संस्था तारतो, ते काम थोडे नाही. मात्र त्यातून नवी यंत्रे येतीलच असे धरू नका.

'प्रदेशातल्याच देशांकडून' आलेल्या गुंतवणुकीचे आकडे सिंगापूर आणि हाँगकाँगमुळे फुगतात. तिथली कंपनी कागदोपत्री मालक, तर पैसा भलतीकडचा. अंतिम मालकानुसार आकडे मिळाले तर तेच घ्या.

कंपनीच्या बाजूने बघणाऱ्याने आसियानचा 2009 चा सर्वंकष गुंतवणूक करार काढावा. तीन तरतुदी आधी वाचा: पैसा परत नेण्याची मोकळीक, शोधनताळ बिघडल्यास सरकारला लावता येणारे निर्बंध आणि कागदी कंपन्यांना लाभ नाकारण्याची मुभा. शेवटच्या तरतुदीमुळे, मालक आसियानबाहेरचा असेल आणि सिंगापुरात भरीव कामकाज नसेल तर तिथल्या नोंदणीचा उपयोग होईलच असे नाही. मग यजमान देशाची राखीव क्षेत्रांची यादी बघा.

निर्बंध आले तरी सगळ्यांना सारखे लागत नाहीत. मलेशियाने 1998 मध्ये शेअर आणि रोख्यांतला परकीय पैसा बारा महिने अडवला आणि रिंगिट 3.80 ला बांधला, पण थेट गुंतवणूकदारांना नफा आणि लाभांश नेता येत होता. आपला पैसा कोणत्या खात्यावर नोंदला जाणार हे म्हणून आधीच ठरवून घ्यावे.

स्थानिक भागीदाराच्या ताळेबंदातल्या टिपा शेवटी वाचा, पण वगळू नका. कर्ज कोणत्या चलनात आहे आणि विक्री कोणत्या, एवढेच पाहायचे. 1 कोटी डॉलरचे कर्ज 25 च्या दराने 25 कोटी बाटचे होते. जानेवारी 1998 मध्ये डॉलर 50 च्या वर गेला तेव्हा तेच 50 कोटींच्या पुढे गेले, आणि बाटमधली विक्री वाढली नव्हती. स्थानिक चलनाची किंमत निम्मी धरून हा हिशेब कागदावर करा. त्यात भागीदाराचे भांडवल उणे होत असेल तर कर्ज स्थानिक चलनात बदलून घेणे ही करारावर सही करण्याआधीची अट ठेवा. नंतर ती कोणी ऐकत नाही.